मस्टँग आटपाडीहून निघते तेव्हा

गणपतीनंतरच्या अकरा आठवड्यांत मस्टँग पाच वेळा भर रस्त्यात शक्तिहीन झाली. पाचही वेळा ती राजवर्धन चालवत होता आणि पाचही वेळा ती आटपाडीहून निघालेली होती. त्याच अकरा आठवड्यांत धनाजीने ती कुपवाडहून नऊ वेळा बाहेर काढली. नऊही वेळा ती ठणठणीत चालली.

पाचवी वेळ गुरुवारची. कडेगावच्या अलीकडे, उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरला राजवर्धन ओलांडत होता. समोरून एसटी येत होती, पण अंतर पुरेसे होते; निदान चारशे घोड्यांच्या इंजिनाला ते पुरेसे होते. ट्रॉल्यांच्या मध्यावर आल्यावर इंजिनाने जोर सोडला. राजवर्धनने गाडी उजवीकडे, तोडणी झालेल्या शेतात घातली. शेजारी त्याची चुलतबहीण, धनाजीची मुलगी सृष्टी बसलेली होती. दोघांना खरचटलेही नाही. पुढचा बंपर मात्र एका बाजूने निखळला.

रविवारी दुपारी तीन वाजता सगळे कुपवाडला नईमच्या गॅरेजमध्ये जमले होते. गॅरेज नईमचे होते, शेड धनाजीची. ती त्याच्या व्हॉल्व्हच्या कारखान्याला लागून होती, आणि नईमचे आजोबा अल्लाबक्ष यांना ती धनाजीचे वडील बाळासो यांनी केवळ शब्दावर वापरायला दिली होती. बाळासो गेले, अल्लाबक्षही गेले. शब्द आता धनाजीच्या हातात होता.

"पाच वाजता बिराप्पा शेड बघायला येतोय," धनाजी म्हणाला. "वेल्डिंगचं काम वाढलंय त्याचं, जागा पाहिजे. तवर तू मला कारण सांगायचं, नईम. न्हाई सांगितलंस, तर किल्ली ह्या टेबलावर ठेवायची."

"काका, कारण ठाऊक असतं तर तिसऱ्या खेपेलाच सांगितलं असतं."

"तिसऱ्या खेपेला सेन्सर बदललाय, आता बघायला नको, असं कोण म्हणालं होतं?" सोनियाने विचारले. ती धनाजीची बायको. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर पर्स मांडीवर धरून बसली होती आणि तिने चहा नाकारला होता.

"मीच म्हणालो, काकी."

"मग काय, पोरीचं तेरावं बघायचं होतं आम्ही?"

नईमने हातातला पाना फडक्याने पुसला. पाना स्वच्छच होता.

धनाजीला नईमचा राग आलेला नव्हता, आणि हेच त्याला अडचणीचे वाटत होते. तीस वर्षे कारखाना चालवून तो एका नियमापाशी आला होता. नग बाद झाला, की कोणाचा तरी हात चुकलेला असतो. हात सापडेपर्यंत तो मशीन चालू करू देत नसे. दुरुस्तीसाठी ही गाडी नईमखेरीज कोणाच्या हातात जात नव्हती. निष्कर्ष सरळ होता. तो मान्य करताना समोर अल्लाबक्षचा चेहरा येत होता, एवढेच.

"तात्या, नईमचा दोष न्हाई," राजवर्धन म्हणाला. धनाजी त्याचा काका; त्याला तो तात्या म्हणे. "स्कॅनर लावला की दर वेळी एकच येतंय. हवा मोजणारा सेन्सर हवा कमी दाखवतोय. तो साफ केला की गाडी चालती."

"चालती कुठवर? कडेगावपतूर?"

भिंतीशी, जुन्या टायरवर, राजवर्धनचे वडील नानासो बसले होते. धनाजीचे थोरले भाऊ, आठ वर्षांनी मोठे; पटका गुडघ्यावर, पाठ ताठ. सकाळी आटपाडीहून आल्यापासून ते फक्त पाणी मागण्यापुरते बोलले होते. घरात निर्णय धनाजी घेई आणि नानासोंनी मान हलवली की तो पक्का होई. ही पद्धत बाळासोंनंतर कोणी ठरवली नव्हती, पण कोणी मोडलीही नव्हती.

"दादा, तुमी काय म्हंता?" धनाजीने विचारले.

"ईकून टाका ती," नानासो म्हणाले.

राजवर्धनने वडिलांकडे पाहिले. गाडी पुण्याहून आणली त्या दिवशी घरातल्या एकाच माणसाने तिच्या नाकावरल्या घोड्याच्या चिन्हाला हात लावून नमस्कार केला होता, आणि तो माणूस हाच होता. "आबा, तुमी पण?"

"मला तिचं बळ नको वाटतं. बास."

आता राजवर्धन एकटा पडला. पुढची दहा मिनिटे त्याच्यासाठी अधिक वाईट गेली.

नईमच्या डोक्यात वेगळाच हिशोब चालला होता. शेड गेली, तर गाडी वर उचलणारी ती मोठी लिफ्ट उखडावी लागणार. तिचा पाया सहा फूट काँक्रीटमध्ये होता. आजोबांनी लावलेली पाटी काढावी लागणार. आणि कुपवाडच्या प्रत्येक चहाच्या टपरीवर एकच वाक्य राहणार, की नईमने दुरुस्त केलेल्या गाडीत धनाजीची मुलगी मरता मरता वाचली. राजवर्धनशी असलेल्या मैत्रीपोटी तो दोन महिने एक गोष्ट बोलला नव्हता. आता बोलला.

"काका, तुमी कारण विचारताय, तर एक सांगतो. ही गाडी कराडच्या पुढं, हायवेला, दोनशेच्या आसपास कोण नेतं, ते राजाला विचारा. मी गाडीच्या कॉम्प्युटरात बघितलंय."

सोनियाची पर्स मांडीवरून घसरली. "दोनशे?"

"असं व्हय," राजवर्धन नईमला म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही. "आणि ते तेल लावलेलं, धुऊन वापरायचं हवेचं फिल्टर कुणी बसवलं? कंपनीचं कागदी फिल्टर फेकून?"

"तूच मागितलंस. आवाज पाहिजे होता तुला."

"मागितलं मी. बसवलंस तू."

"उद्या तू म्हणशील, ब्रेक काढून दे."

"तू देशील पण."

सोनियाने पर्स उचलली आणि खुर्ची नईमच्या बाजूला सरकवली. "त्या पोराला कशाला बोलायचं मग? आपलंच नाणं खोटं. दोनशेनं पळवायचं आणि बिघडली की मिस्त्रीच्या नावानं ओरडायचं." तिचा पक्ष बदलल्याचे तिच्याखेरीज सगळ्यांच्या लक्षात आले. "मी पयल्यापासनं म्हणते, नजर लागलीय."

"नजर लागली असती तर पप्पांच्या वेळीही लागली असती," सृष्टी म्हणाली. "गाडी तीच आहे."

"नजर गाडीला न्हाई लागली. राजाला लागली."

"काकी, मी काय एवढा देखणा न्हाई," राजवर्धन म्हणाला. नईम हसला आणि लगेच थांबला, कारण त्या क्षणी ते दोघे मित्र नव्हते.

सृष्टीने पदार्थविज्ञानात एमएस्सी केले होते आणि गुरुवारपासून तिला नीट झोप लागली नव्हती. शेतात गाडी थांबल्यावर तिला भीती वाटली नव्हती. भीती घरी आल्यावर, तोंड धुताना, आली. तिच्यासमोरच्या माहितीत एक गोष्ट बसत नव्हती. पाचपैकी पाच आणि नवांपैकी शून्य हा योगायोग मानायला जड होता. पण तिचे वडील ऐंशीच्या वर जात नसत. त्यामुळे त्यांचे नऊ प्रवास हा पुरावा कच्चा होता. वेग, चालक आणि सुरुवातीचे गाव अशा तीन गोष्टी एकात एक गुंतल्या होत्या. त्या सोडवल्याशिवाय कोणालाही दोष देणे म्हणजे नजरेलाच दोष देणे होते.

"राजादादा, तू दोनशेने गेलास तेव्हा कुठून निघाला होतास?"

"आता ते कशाला?"

"सांग."

राजवर्धनने काकांकडे पाहिले. खरे सांगितले तर गाडीची किल्ली पुन्हा मिळणार नव्हती. खोटे सांगितले तर नईमची जाणार होती. "इथनंच. कुपवाडहून. दोनदा. एकदा एकशेनव्वद, एकदा दोनशेच्या वर."

"आणि गाडी?"

"लोण्यासारखी."

"दोनदा?" सोनियाने विचारले.

"नईमभाई, दुरुस्तीनंतर तुम्ही चालवून बघता ना? कितीने?"

"मिरज रोडला, सकाळी मोकळ्यात, पूर्ण दाबून. दर वेळी. कायबी होत न्हाई."

"म्हणजे वेग नाही. राजादादाही नाही. नईमभाईंची दुरुस्तीही नाही, कारण दुरुस्तीनंतर गाडी नीट असते. कुपवाडहून निघाली की कोणीही, कशीही चालवा, ती चालते. आटपाडीत मुक्काम झाला की बंद पडते." तिने बोटांवर मोजून दाखवले नाही, पण धनाजीला ते मोजल्यासारखे वाटले.

"आटपाडीत काय हाय?" धनाजी म्हणाला. "पेट्रोल?"

"पेट्रोल मी विट्यात भरतो," राजवर्धन म्हणाला. "आणि हवा कमी दाखवायला पेट्रोलचा काय संबंध?"

"धूळ?"

"धुळीनं पाच महिन्यांनी हुईल, चार दिवसांत न्हाई," नईम म्हणाला.

धनाजीच्या नियमात बसेल असा हात दिसत नव्हता, आणि हाताशिवाय नग कसा बाद होतो, हे त्याला समजत नव्हते. चार वाजून गेले होते. बिराप्पाचा एक फोन येऊन गेला. धनाजीने तो घेतला नाही. समोरच्या गिरणीत हळकुंडांना पॉलिश करायचे यंत्र रविवार असूनही चालू होते. शेडच्या पत्र्यावर, टेबलावर, टायरवर नेहमीचा बारीक पिवळा थर होता, आणि इथल्या माणसांना तो दिसत नसे.

"तुम्ही आजवर काय काय उघडलं ते नको," सृष्टी नईमला म्हणाली. "काय उघडलं नाही ते सांगा."

नईमने विचार केला. हा प्रश्न त्याला कोणी विचारला नव्हता, त्याने स्वतःलाही नाही. "सेन्सर काढला. फिल्टर धुतलं. त्याच्यापुढची नळी न्हाई काढली. जिथनं हवा आत येती, ते तोंड. तोंड वरनं दिसतं, पर नळी काढायला बंपर सोडवायला लागतो. आणि तिथं बिघडण्यासारखं काय नसतंय, नुसती नळी."

"बंपर तर आता सुटलेलाच आहे."

बंपर उतरवायला वीस मिनिटे लागली. राजवर्धन न सांगता दुसऱ्या बाजूने धरायला गेला. नईमने त्याच्या हातात पाना दिला. नळी निघाली, तेव्हा तिच्या वळणात पिवळा, घट्ट, बोटभर जाडीचा थर बसलेला होता.

"हे काय? गंधक?" धनाजी पुढे आला. त्याच्या डोळ्यांत प्रथमच चमक दिसली; हात सापडला असे त्याला वाटले. "कुणी घातलं हे? शत्रूचं काम हाय हे. आटपाडीत कोण येतं गाडीजवळ?"

"गंधक न्हाई, काका. हळद हाय," नईम म्हणाला. "सांगलीत कुठल्याबी गाडीचं फिल्टर काढा, पिवळंच निघतंय. म्हणून तर मी फिल्टर धुताना कवा मनावर घेतलं न्हाई."

"कशावरून हळद?"

"चुना आहे का कोणाकडे?" सृष्टीने विचारले.

नानासोंनी बंडीच्या खिशातून तंबाखूची पिशवी काढली आणि चुन्याची डबी तिच्यापुढे केली. तिने नळीतली चिमूटभर पूड टेबलावर ठेवली, बोटाने चुना लावला, पाण्याचे दोन थेंब टाकले. पूड लालभडक झाली. याला प्रयोगशाळा लागत नाही. घरोघरी कुंकू करणाऱ्या बायकांना हे ठाऊक असते.

"हळदच," धनाजी म्हणाला आणि त्याचे खांदे खाली आले. "म्हंजे समोरची गिरणी. म्हंजे कुणाचाच दोष न्हाई. मिटलं."

"मिटलं कसं?" सृष्टी म्हणाली. "गिरणी कुपवाडला आहे. गाडी आटपाडीला गेल्यावर बंद पडते. उलटं व्हायला हवं होतं."

सोनियाने कपाळाला हात लावला. "आता ह्या पोरीला मिटलेलं पण चालत न्हाई."

नईम शेडच्या टोकाला गेला आणि दुरुस्तीला आलेल्या एका जीपची नळी घेऊन आला. ती इथेच, गिरणीसमोर, तीन आठवडे उभी होती. तिच्यात पिवळी झाक होती, बोट फिरवले तर निघेल इतकी. मस्टँगच्या नळीतला थर त्याने स्क्रू ड्रायव्हरने खरवडला. तो ढेकळासारखा निघाला, आणि त्यात काहीतरी पांढुरके, नखाएवढे, अडकलेले होते.

"लाकूड?" नईम म्हणाला.

राजवर्धनने ते हातात घेतले, मोडून पाहिले, वास घेतला. मग जिभेला लावले. "खोबरं."

हळकुंडाच्या गिरणीतून हळद उडते, पण सुक्या खोबऱ्याचा तुकडा उडत नाही. हळद आणि खोबरे एकत्र ज्या ठिकाणी असते, ते ठिकाण त्या शेडमधल्या प्रत्येकाला माहीत होते. नईमलासुद्धा, कारण लहानपणी तो बाळासोंच्या खांद्यावर बसून बिरोबाच्या जत्रेला गेला होता आणि पिवळा होऊन घरी आला होता.

"भंडारा," धनाजी म्हणाला. तो सोनियाकडे वळला. "तू?"

"मी आटपाडीला कवा जाते? दिवाळीला. आणि मला त्या गाडीचं झाकण कुठनं उघडतं हे तरी ठाऊक हाय का?"

तुकडा निघाला तेव्हाच नानासोंनी तो ओळखला होता. आपल्या देवघरातल्या वाटीतले खोबरे आपणच चिरतो, आणि हल्ली सुरी बोथट झाल्याने ते असे जाडसर निघते. ते टायरवरून उठले नाहीत. पळून जाण्याची इच्छा त्यांना आयुष्यात दोन-तीनदाच झाली होती. ही त्यांतली एक होती.

"मी टाकतो," ते म्हणाले.

"टाकतो म्हंजे?" धनाजीने विचारले.

"राजा निगायच्या आदी. पहाटंचं. घोडीच्या नाकपुडीला लावत्यात तसा. आपला बा न्हाई का लावायचा, कोकणात उतरायच्या आदी? वझ्याची घोडी पुडं, मागं मेंढरं. घोडीच्या नाकाला भंडारा लावल्याबिगर बा घाटाला पाय लावत न्हवता."

"आबा, ती घोडी जिवंत होती," राजवर्धन म्हणाला.

"हिच्याबी नाकावर घोडा हाय की."

"पण नाक कुठं, हे तुमाला कुणी दाखवलं?"

नानासोंनी नईमकडे पाहिले. नईमचा चेहरा उतरला. "मीच दाखवलं. गणपतीत आबा इथं आले होते. मला म्हणाले, हिचं दार कसं उघडतं, ही श्वास कुठनं घेती. मी झाकण उघडून दाखवलं. मला वाटलं, हौस म्हणून विचारत्यात."

"गणपतीतच का?" सृष्टीने हळू विचारले.

उत्तर नानासोंनी राजवर्धनला दिले. "तू मला साताऱ्यासनं कराडला आणलंस. आठवतंय? तू हसत हुतास. मी काटा बघत हुतो. मला तुला थांब म्हणायचं हुतं. तुला वाईट वाटंल म्हणून न्हाई म्हणालो. मग दुसरं काय करणार हुतो मी?"

"आबा, पाच वेळा बंद पडली ती. तुमाला शंका आली न्हाई?"

"आली की. मला वाटलं, बिरोबा लगाम धरतोय. पाच येळा मंदावली, पाच येळा तू जित्ता घरी आलास. मी म्हणालो, गुण येतोय." ते थांबले. "पर परवा सृष्टी सांगाय लागली, एसटी किती जवळ हुती, तवा काय समजंना झालं. राखायचं तर असं कसं राखतोय त्यो? म्हणून म्हणालो, ईकून टाका."

सोनिया उठली, तिने पाण्याची बाटली नानासोंना नेऊन दिली आणि पदर सावरून त्यांच्या शेजारच्या टायरवर बसली. धनाजी शेडच्या दाराशी गेला आणि त्याने फोन लावला. "बिराप्पा, येऊ नगंस रं. जागा न्हाई द्यायची. न्हाई, कुणाला न्हाई. हाय त्याचीच हाय." परत येऊन तो नईमसमोर उभा राहिला. त्याने उतरवलेल्या बंपरची एक बाजू उचलली. नईमने दुसरी उचलली.

कारण असे होते. राजवर्धन आटपाडीहून निघण्याआधी नानासो बॉनेट उघडून हवेच्या नळीच्या तोंडात मूठभर भंडारा टाकत. विट्यापर्यंत रस्ता खराब असल्याने गाडी हळू चाले आणि भंडारा नळीच्या वळणात पडून राही. पुढे चांगल्या रस्त्यावर अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला, की हवेच्या ओढीने तो उडून फिल्टरच्या तेलावर थापला जाई आणि त्यातला बारीक अंश पार जाऊन सेन्सरच्या तारेवर बसे. तार हवा कमी मोजू लागे. आकड्यांचा मेळ बसत नाही असे दिसताच गाडीचा संगणक इंजिनाची शक्ती तोडत असे. कुपवाडहून सुटलेल्या एकाही प्रवासाआधी कोणी भंडारा टाकला नव्हता. पहिल्या चार वेळा तो एकेक मूठ होता. गुरुवारी गाडीत सृष्टीही बसणार होती, म्हणून नानासोंनी दोन मुठी टाकल्या.